सतरा किलो दोनशे

मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांचं वजन करतो मी,
बावीस वर्षं.
रवा काट्यावर टेकायच्या आधीच
आकडा जिभेवर येतो.
तरी निघायच्या दिवशी, सकाळी सहाला,
काटा मोकळा बघून सॅक ठेवली.
सतरा किलो दोनशे.
बाबालाल हमाल पोत्यावर बसून चहा पीत होता.
"एकटाच?"
"एकटाच."
"मग एवढं कुणाचं?"

गारगोटीत एसटी बदलली.
पाटगावच्या पुढं डांबर संपलं,
मग रस्त्याची वाट झाली,
मग गुरांनी ठरवलेला नुसता एक अंदाज.

पहिल्या दिवशी मी फक्त खांदे होतो.
डोंगर दिसलाच नाही.
दिसली बुटाची सुटणारी नाडी,
सड्यावरचं करपलेलं गवत,
आणि दर पन्नास पावलांना हिशोब:
किती आलो, किती उरलं,
परतल्यावर कुणाला काय सांगायचं.

दुपारी तीनला पाणी संपलं.
नकाशात निळी रेघ होती.
जाग्यावर गुळगुळीत दगड,
आणि एका खळग्यात वाळलेला बेडूक,
कागदासारखा.
खालून कुठूनतरी म्हशीची घंटी वाजली,
पत्र्याची, जाड आवाजाची.
आवाजाचं बोट धरून उतरलो.

चार घरांचा धनगरवाडा.
भागूबाई झोरे कुडाला शेण लावत होती.
आणि मला पाणी मागता येईना.
पावती मागितली होती आयुष्यभर, सुट्टे मागितले होते,
रजा मागितली होती.
तहान लागलीय, असं अनोळखी माणसाला
कधी म्हणालो नव्हतो.
तिनं तोंडाकडं बघून तांब्या दिला.
नाव नंतर विचारलं.

मग रेडकू उचलून बघावं
तशी सॅक एका हातानं उचलली.
"सोळा-सतरा किलो भरंल," म्हणाली.
मी गप्प.
"काय हाय रं ह्यात?"
सांगत गेलो. स्टोव्ह. वीस मीटर दोरी.
तीन टॉर्च. जानेवारीत रेनकोट.
वही, आणि ती भिजली तर दुसरी वही.
कुलूप.
"कुलूप?"
तिच्या दाराला कडीसुद्धा नव्हती.
हसली असती तर बरं वाटलं असतं.
"जेवढं भ्यालास, तेवढं भरलंस," म्हणाली,
आणि पुन्हा शेणात हात घातला.

दुसऱ्या दिवशी कारवीतून वळलो
तर वाटेत गवा.
पायात पांढरे मोजे घातल्यासारखा, एकटा.
तिनं सांगितलं होतं, पळू नको, बोलू नको,
शहाणपणा तर अजिबात नको.
उभा राहिलो.
किती वेळ, ते मोजलं नाही.
त्यानं नाक फुगवून मला जोखलं,
आकडा काही सांगितला नाही,
बाजूला झाला.
माझे पाय मात्र तिथंच होते,
ऊन कलंडेपर्यंत.

त्या रात्री सड्यावर मोठ्यानं बोललो.
आधी बाबालालशी, मग थोरल्या भावाशी,
ज्याच्याशी नऊ वर्षं बोलणं नाही.
भांडण निम्म्यात आलं
आणि लक्षात आलं की दोन्ही बाजू मीच लढवतोय,
आणि त्याची जास्त चांगली.
फोनला रेंज नव्हती.
असती तर लावला असता का, माहीत नाही.

परतताना दोरी भागूबाईनं ठेवून घेतली,
रेडकाला झाली.
कुलूप मात्र परत दिलं:
"तुज्या घराला लागंल ह्ये."

यार्डात सॅक पुन्हा काट्यावर.
चौदा किलो शंभर.
"हलका झालास की," बाबालाल म्हणाला.
"मध आहे त्यात."
"किती?"
"तिनं मोजला नव्हता."

परवा एक रवा आला, ओलसर, काळपट,
आणि आकडा जिभेवर आलाच नाही.
गिऱ्हाइकासारखा मीही
काट्याकडं बघत उभा राहिलो.